रस्त्याची रेषा

काही वर्षांपूर्वी एक वयोवृद्ध गृहस्थ माझ्या कचेरीत आले. हातातल्या पिशवीत वाड्याचे जुने खरेदीखत आणि कर भरल्याच्या पावत्या व्यवस्थित बांधलेल्या. वाड्याची दर्शनी भिंत फुगली होती. ती उतरवून नव्याने बांधण्याची परवानगी त्यांना हवी होती. नकाशा काढून पाहिला, तेव्हा पुढल्या दोन खणांमधून एक बारीक रेषा गेलेली दिसली. ही रेषा केव्हा पडली, असे त्यांनी विचारले. मी तारीख सांगितली. ती पुष्कळ जुनी होती. ते म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षे मी दुसऱ्याच्या ओसरीवर बसत होतो!"

नागरिकाला महानगरपालिका ठाऊक असते ती नळ, दिवे, कचरा आणि घरपट्टी यांच्यामुळे. परंतु त्याच्या मिळकतीवर सर्वांत खोल परिणाम करणारा निर्णय बहुधा ह्यांपैकी कोणताच नसतो. तो असतो एक रेषा. १९४९ सालच्या महानगरपालिका अधिनियमात तिला 'रस्त्याची नियमित रेषा' म्हटले आहे. मुंबई शहराच्या १८८८ सालच्या कायद्यातही ती आहे. गुजरात वेगळा झाल्यावरही तेथे १९४९चा तोच कायदा नाव पालटून चालू राहिला, म्हणून अहमदाबाद-बडोद्याच्या मराठी श्रोत्यांना माझे बोलणे परके वाटू नये.

ही रेषा आखल्याबरोबर घर पडत नाही. खरी गोम इथेच आहे. घर उभे असते, माणसे राहत असतात, पट्टी पूर्ण भरावी लागते. मात्र रेषेच्या आत नवे बांधकाम परवानगीवाचून करता येत नाही, आणि जमिनीवरील इमारतीचा निम्म्याहून अधिक भाग उतरवायचा झाला, की पालिका मालकाला मागे सरकावयास सांगू शकते. हे निम्मे घनमापाने मोजावयाचे असते! इमारत जळाली किंवा आपोआप कोसळली तरी तोच नियम. जागेची भरपाई मिळते; पण रस्ता रुंद झाल्यामुळे उरलेल्या मिळकतीची किंमत वाढणार असेल, तर तीही हिशेबात धरली जाते. कागदावर हे न्याय्यच आहे. ज्याचे उरले आहे त्याला वाढ मिळते. ज्याचे सारेच गेले त्याचे काय, हा प्रश्न निराळा.

आणि भाडेकरू? पुढल्या खणात शिंप्याचे दुकान असते, मागे दोन बिऱ्हाडे असतात. १९४७ सालच्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीशी बांधून टाकली. महागाईत भाडेकरूला त्याचा आधार झाला, यात संशय नाही. परंतु तुटपुंज्या भाड्यातून मालक डागडुजी करीना, आणि पुढे रेषा असल्यामुळे नवे बांधण्यासही धजेना. शेवटी एक दिवस इमारत धोकादायक असल्याची नोटीस लागते, आणि मालक-भाडेकरू दोघेही एकाच रस्त्यावर येतात. भाडी अशी गोठवून ठेवणे काळाच्या ओघात अवाजवी झाले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली सांगितले आणि १९९९ साली नवा कायदा झाला; परंतु तोवर कित्येक वाड्यांच्या तुळया कुजून गेल्या होत्या.

रेषेची थोरली बहीण म्हणजे विकास योजनेतील आरक्षण. १९६६च्या नगररचना कायद्यान्वये एखादी मोकळी जागा शाळेसाठी किंवा मैदानासाठी राखून ठेवता येते. दहा वर्षांत ती घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि कायद्याने नेमलेल्या मुदतीत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण संपते. नुसता प्रस्ताव वर धाडणे म्हणजे पाऊल नव्हे, असे 'गिरनार ट्रेडर्स' प्रकरणात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरविले. मालकाला न्याय मिळाला. मात्र त्या मैदानाची वाट पाहत ज्या मुलांचे बालपण संपले, ती त्या दाव्यात पक्षकार नव्हती. अशा फायली हाताळताना मला दोन्ही बाजू खऱ्या वाटत आल्या आहेत. सरकारी नोकराने हे बोलू नये, असे कोणी म्हणेल.

यावर नागरिकाच्या हाती काय आहे? पुष्कळ आहे, पण त्याला मुदत आहे. नवी रेषा आखावयाची तर सभेपूर्वी किमान एक महिना जाहीर सूचना द्यावी लागते. ती राजपत्रात व वर्तमानपत्रात येतेच, शिवाय त्या रस्त्यावरही लावावी लागते. लेखी हरकत नगरसचिवाच्या कार्यालयात सभेच्या तीन पूर्ण दिवस आधी पोहोचली पाहिजे. आपण मात्र भिंतीवरचे सरकारी कागद वाचीत नाही, आणि ते वाचले जावेत अशा भाषेत आम्ही लिहीत नाही. दोष निम्मा-निम्मा म्हणू. घनमापाने मोजला तर आमचा अधिक भरेल.

हरकती व्यर्थ जातात, असेही नाही. मुंबईच्या विकास योजनेचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा रहिवाशांनी आपापल्या विभागाचे नकाशे चाळले. कोठे उभ्या इमारतींतून रस्ते गेलेले, कोठे जुन्या वारसा-वास्तूंची नोंदच नाही. हरकतींचा इतका पाऊस पडला, की दोन महिन्यांत तो मसुदा दुरुस्त करण्याचा आदेश निघाला. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला आणि योजना २०१८ साली अमलात आली. पुढे मार्च २०२२ पासून मुंबई-पुण्यात काही वर्षे निवडलेली सभाच नव्हती, प्रशासकच दोन्ही खुर्च्यांवर होते. त्या काळात हरकत ऐकणारा आणि रेषा आखणारा एकच, अशी अवस्था झाली.

त्या वृद्ध गृहस्थांची मुदत तर केव्हाच टळून गेली होती. मी त्यांना निम्म्याहून कमी भाग उतरवून भिंत कशी सावरता येईल, ते समजावून सांगितले. त्यांनी नकाशाची नक्कल मागितली, तिची फी भरली, पावती पिशवीतल्या इतर पावत्यांबरोबर बांधली, आणि जाताना विचारले, "ह्या वर्षीची पट्टी ओसरी धरून भरायची ना?"

धरूनच भरावयाची होती. मी तसे सांगितले.