बालसेवा : प्रेरणा आणि सातत्य

(शहापूर व मुरबाड तालुक्यांत बालकांसाठी काम करू इच्छिणाऱ्या स्वयंसेवकांसमोर केलेले भाषण)



बालसेवेच्या कार्यात पडावे असे आपणांस का वाटले, असा प्रश्न कोणी केला तर प्रत्येकाचे उत्तर निराळे येईल. कुणाला स्वतःचे खडतर बालपण आठवत असेल, कुणाला समाजाचे ऋण फेडावयाचे असेल, तर कुणाला सेवानिवृत्तीनंतरचा वेळ सत्कारणी लावावयाचा असेल. या सर्वच प्रेरणा आदरणीय आहेत. परंतु त्यांपैकी कोणती प्रेरणा माणसाला कार्यात टिकवून धरते, याचा विचार आपण आज करू या.

त्यासाठी फार दूर जावयास नको. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाच्या कार्यास प्रारंभ केला. पुढे ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. ही गावे आज पालघर जिल्ह्यात आहेत. त्या काळी ती ठाणे जिल्ह्यातच होती. अनुताईंचा विवाह तेराव्या वर्षी झाला आणि काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले. शिक्षण माणसाचे आयुष्य कसे सावरते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. पुण्यातील शिक्षिकेचा पेशा सोडून त्या बोर्डीस आल्या आणि १९९२ साली निधन होईपर्यंत याच कार्यात राहिल्या.

केवळ दयेच्या बळावर कुणी सत्तेचाळीस वर्षे राहत नाही. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच या दोघींनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. जी मुले गुरे राखावयास जात, त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. महागड्या साधनांची जागा शंखशिंपले, गोटे, बिया आणि पाने यांनी घेतली. मुलाला काय येत नाही यापेक्षा त्याला काय येते, याचे कुतूहल त्यांना अधिक होते. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला.

आपल्या या दोन तालुक्यांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली समाजांच्या अनेक वाड्या-पाडे आहेत. तेथील मुलाला रानातील कंद ओळखता येतात, ओढ्यातील मासे धरता येतात. पुस्तकातील भाषा मात्र त्याच्या घरच्या बोलीहून वेगळी असते. ते गप्प राहते, म्हणून त्याला मंद समजणे हा त्याच्यावर अन्याय होय.

दुसरी अडचण याहून कठीण आहे. भातकापणी आटोपली, दिवाळी झाली, की कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळा तोंडावर आल्यावर परततात. पावसाळ्यात मोठ्या उत्साहाने वर्ग सुरू करणाऱ्या स्वयंसेवकाला हिवाळ्यात रिकामी जागा दिसते. तेथे त्याची खरी कसोटी लागते. कौतुकाच्या अपेक्षेने आलेला माणूस येथे निराश होऊन परततो. मुलांची ओढ लागलेला त्यांचा माग काढतो.

हे काम अवघड नाही. दिवाळीपूर्वी मुलांची नावे व कुटुंब कोठे जाणार ते लिहून ठेवावे, शाळेला व अंगणवाडी सेविकेला कळवावे, आणि भट्टीजवळच्या शाळेत मुलाला प्रवेश मिळतो की नाही ते पाहावे. सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. परंतु आईबापांच्या वतीने शाळेच्या दारात उभे राहणारे कुणीतरी असावे लागते.

आणखी एक विनंती. झेपेल तेवढेच वचन द्या. खाऊ वाटून, छायाचित्रे काढून जी माणसे पुन्हा फिरकत नाहीत, त्यांची वाट मुले पाहत राहतात आणि हळूहळू कुणावरच विश्वास ठेवीनाशी होतात. एक वाडी निवडा, आठवड्यातील एक वार ठरवा आणि तो चुकवू नका. आपण कोणत्याही कारणाने येथे आला असलात, तरी मुलांच्या सहवासात ते कारण आपोआप अधिक खोल होत जाईल, असा मला विश्वास वाटतो.

आपल्या कार्यास मी मनःपूर्वक सुयश चिंतितो.