वार्धक्य आणि ज्ञातिकर्तव्य

(कासुर्डी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्यात वृद्धांना शाल-श्रीफळ देण्याचा आपला प्रघात आहे. यंदा तो मान मलाही लाभला. परंतु शाल घेऊन घरी परतलेल्या वृद्धाची वर्षाच्या उरलेल्या 364 दिवसांत विचारपूस कोण करतो? मुले नोकरीनिमित्त पुण्याकडे गेली. कित्येक घरांत म्हातारी माणसेच उरली. गेल्या पावसाळ्यात मी न्हाणीघरात पडलो, ते दूधवाला येईपर्यंत कोणास कळले नाही.

2007 च्या कायद्याने निराधार आईबापांच्या निर्वाहाचे दायित्व मुलांवर घातले, हे योग्यच झाले. परंतु कायद्याने अन्न मिळेल, सोबत मिळणार नाही. ती शेजाऱ्यानेच द्यावयाची असते.

तथापि आम्ही वृद्धांनीही केवळ सेवा घेत बसू नये. महर्षी अण्णासाहेब कर्वे यांनी 1936 साली, वयाच्या 78 व्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापन केले. 1962 साली ते निवर्तले, तेव्हा त्यांचे वय 104 होते. कामाने त्यांना थकविले नाही. उलट उभे ठेवले.

म्हणून माझी सूचना अशी : तरुणांनी पाळीपाळीने रोज सकाळी एकट्या वृद्धाच्या दारी जाऊन यावे. ज्यांना चालवते, अशा वृद्धांनी सायंकाळी देवळाच्या ओवरीत मुलांचा अभ्यास घ्यावा. यास खर्च जवळजवळ नाही. मात्र दार ठोठावताना आतील माणसाची जात पाहू नये. पडलेल्या माणसाला उचलणारा हात तेवढा हवा असतो.

गणिताच्या वर्गासाठी माझे नाव प्रथम लिहून घ्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.