पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर : आतड्याची जाग आणि आप्तांचे कर्तव्य



पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या खाटेजवळ सकाळी एक प्रश्न हमखास ऐकू येतो. डॉक्टर विचारतात, परिचारिका विचारते, गावाहून फोनवर काकाही विचारतात : ‘वायू सरला का?’ एरवी चारचौघांत ज्या गोष्टीचा उच्चारही कोणी करीत नाही, तिची सारे घर चातकासारखी वाट पाहते. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, टाके चांगले आहेत, तरीही आतडे जागे झाल्याशिवाय रुग्ण खऱ्या अर्थाने सावरला असे कोणी म्हणत नाही. या जागे होण्यात शल्यचिकित्सकाइतकाच घरच्या मंडळींचाही वाटा असतो. म्हणून हा विषय आज येथे मांडला जात आहे.

प्रथम, आतडे थांबते का हे समजून घ्यावे. बाजारपेठेत एका दुकानी तंटा झाला, की शेजारचे दुकानदारही शटर खाली ओढतात आणि पाहता पाहता सारी पेठ बंद होते. पोटातही असेच घडते. शस्त्रक्रिया आतड्याच्या एका भागावर होते, पण हरताळ सगळे आतडे पाळते. याची कारणे अनेक आहेत. छेद दिल्यामुळे आणि आतडे हाताळल्यामुळे मज्जातंतूंमार्फत ‘थांबा’ असा संदेश जातो. हाताळलेल्या भिंतीला सूक्ष्म दाह होतो. वेदना शमविण्यासाठी दिलेली मॉर्फिनच्या जातीची औषधे आतड्याच्या भिंतीवरही परिणाम करून त्याची गती मंद करतात. शिरेवाटे द्रव प्रमाणाबाहेर गेले तर आतड्याच्या भिंतीला सूज येते, आणि रक्तातील पोटॅशियम घटले तर स्नायू दुबळे पडतात.

ही पेठ उघडतेही क्रमाक्रमाने. लहान आतडे साधारणतः पहिल्या २४ तासांतच हालचाल सुरू करते, जठर एक-दोन दिवसांत आणि मोठे आतडे दोन-तीन दिवसांत. वायू सरणे आणि शौचास होणे ही मोठ्या आतड्याची खूण आहे, म्हणून ती सर्वांत शेवटी मिळते. दुसऱ्या दिवशी वायू सरला नाही म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही.

पूर्वीची पद्धत अशी होती, की वायू सरेपर्यंत तोंडाने काहीही द्यायचे नाही, नाकातून राइल्स ट्यूब घालून ठेवायची आणि रुग्णाला निजवून ठेवायचे. जोडलेल्या आतड्यावर ताण पडू नये, हा त्यामागचा हेतू प्रामाणिक होता. परंतु माणूस काही खात नसला तरी लाळ, जठररस, पित्त आणि आतड्यातील स्राव मिळून दिवसाला कित्येक लिटर द्रव पोटात तयार होतच असतो. आतडे रिकामे ठेवणे ही कल्पना मुळातच पुरती खरी नव्हती.

या पद्धतीची फेरतपासणी करण्याचे मोठे श्रेय डेन्मार्कमधील कोपनहेगनचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांना जाते. वेदनाशमन, लवकर आहार आणि लवकर हालचाल या गोष्टी सुट्या सुट्या न करता एकत्र केल्या तर काय होईल, असा प्रश्न त्यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात विचारला. २००० साली त्यांच्या गटाने मोठ्या आतड्याचा भाग काढलेल्या ६० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांचा रुग्णालयातील मध्यमान मुक्काम अवघा दोन दिवसांचा होता. काही रुग्णांना पुन्हा दाखल करावे लागले, हेही त्यांनी लपविले नाही. पुढे याच विचारातून ‘ईआरएएस’ ही कार्यपद्धती आकारास आली आणि २०१० मध्ये तिच्या प्रसारासाठी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

इतरत्रही पुरावा जमत गेला. २००१ मध्ये ब्रिटनमधील अभ्यासकांनी ११ चाचण्यांतील ८३७ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला उपाशी ठेवण्याचा काही लाभ त्यांना दिसला नाही. लवकर आहार दिलेल्यांना उलट्यांचा त्रास मात्र थोडा अधिक झाला. नाकातील नळी सर्वांनाच सरसकट घालण्यानेही फायदा होत नाही, उलट ती न घातलेल्यांचे आतडे लवकर सुरू होते, असे पुढील संशोधनात आढळले. सतत उलट्या होत असतील किंवा पोट फुगले असेल, तर मात्र तीच नळी मोठा आधार ठरते.

आता प्रत्यक्ष उपायांकडे वळू. पहिला उपाय वेदनाशमनाचा. वेदना सोसत राहणे हा शूरपणा नव्हे. दुखते म्हणून रुग्ण खोकत नाही, उठत नाही, आणि मग साराच क्रम बिघडतो. पाठीच्या कण्याजवळील एपिड्युरल नळी, पॅरासिटामॉलसारखी औषधे यांचा मेळ घालून मॉर्फिनची गरज कमी ठेवण्याकडे आज कल आहे. दुसरा उपाय आहाराचा. डॉक्टरांनी अनुमती देताच घोट घोट पाणी, मग पेज, मुगाचे पाणी, मऊ भात असा क्रम ठेवावा. तिसरा उपाय च्युइंगम चघळण्याचा. हे ऐकून हसू येईल, पण चघळण्याने पोटात अन्न आल्याचा आभास आतड्याला होतो. २००२ मध्ये जपानमधील १९ रुग्णांच्या छोट्या अभ्यासात गम चघळणाऱ्यांना सरासरी २.१ दिवसांत वायू सरला, इतरांना ३.२ दिवस लागले. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत लाभ इतका स्पष्ट दिसला नाही, पण अपायही विशेष नाही. पाकिटावरचे हिरवे चिन्ह तेवढे पाहून घ्यावे. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॉफी घेणाऱ्यांना पहिले शौच काही तास आधी झाल्याचे आढळले.

चौथा उपाय चालण्याचा. चालण्यानेच आतडे सुरू होते, असा समज सर्वत्र आहे. तसे थेट सिद्ध झालेले नाही. तरीही चालणे अत्यावश्यक आहे, कारण त्याने फुप्फुसे मोकळी राहतात, पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका घटतो आणि स्नायूंची शक्ती टिकते. शस्त्रक्रियेच्या दिवशीच सुमारे दोन तास आणि पुढे रोज सहा तास अंथरुणाबाहेर राहावे, असे ध्येय नव्या पद्धतीत ठेवतात. खुर्चीत बसणेही त्यात धरले जाते.

येथेच आप्तांची परीक्षा असते. परिचारिका वडिलांना उठवू लागली, की मुलगाच म्हणतो, ‘राहू द्या, त्यांना त्रास होतो.’ दुसरे घर डॉक्टरांची नजर चुकवून डब्यातला शिरा भरवते. तिसरे घर अनुमती मिळूनही ‘अजून दोन दिवस पोटाला विश्रांती देऊ’ म्हणते. तिन्ही ठिकाणी प्रेमच असते, पण भुर्दंड रुग्णाला पडतो. आपल्या समाजाला एक गोष्ट वेगळी सांगायला नको. अठाईच्या पारण्याला कोणी पक्वान्नांचे ताट पुढे करीत नाही, आणि पारणे टाळतही नाही. मुगाच्या पाण्याने, अल्प प्रमाणात, वेळेवर ते होते. शस्त्रक्रियेनंतरच्या आहारालाही तोच विवेक लावावा. रात्रिभोजनत्यागाचा नियम असेल तर तो दाखल होतानाच डॉक्टरांना सांगावा. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत पाच-सहा लहान आहार बसविता येतात. मात्र रात्रीचे औषध आणि पाणी याविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि आधीच गुरुभगवंतांशीही विचारविनिमय करावा.

सावधगिरीचा भाग विसरता कामा नये. पोट उत्तरोत्तर फुगत जाणे, हिरव्या उलट्या, ताप, नाडीची धावपळ, कमी होण्याऐवजी वाढणारी वेदना, धाप किंवा पोटरीची सूज यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपाय करीत बसू नये. यांतील काही लक्षणे आतड्याचा जोड गळू लागल्याची सूचना असू शकतात, आणि तसे बहुधा पहिल्या आठवड्यात, कधी घरी परतल्यावरही घडते. अशा वेळी घालवलेली एक रात्रही महाग पडते.

घरी आल्यावर शौच अनियमित राहिले तर एरंडेल, चूर्ण किंवा एनिमा आपल्या मनाने देऊ नये. विशेषतः गुदाशयाजवळ जोड असेल तर एनिमा घातक ठरू शकतो. पाणी पुरेसे घ्यावे, तंतुमय पदार्थ डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू वाढवावेत, जोर करू नये आणि सुमारे सहा आठवडे जड वस्तू उचलू नयेत. वेदनाशामक व लोहाच्या गोळ्यांनी मलावरोध होत असेल तर तसे मोकळेपणाने सांगावे.

शेवटी एवढीच विनंती, की शस्त्रक्रियेची तारीख ठरली की खर्चाबरोबरच हे चार प्रश्नही डॉक्टरांना अवश्य विचारावेत : पाणी केव्हा, आहार केव्हा, उठायचे केव्हा आणि कोणत्या लक्षणाला धावत यायचे? त्यांची उत्तरे कागदावर लिहून रुग्णाच्या उशाशी ठेवावीत. रात्रपाळीला बसणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावीत. सेवा मनोभावे व्हावीच, पण ती जाणून-समजून व्हावी.