घरचा धंदा आणि समोर आलेली संधि
(शेतकरी व कारागीर कुटुंबांपुढें केलेलें भाषण)



धंदा वाण्याच्या पोरानें करावा आणि आपण नुसतें राबावें, ही समजूत आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मुरली आहे. आपण तूर पिकवितों, ती पोत्यानें विकतों, आणि चार महिन्यांनीं तिचीच डाळ किलोनें विकत आणतों. शेंग विकून तेल आणतों. मिरची विकून तिखटाची पुडी आणतों. माल आपला, घाम आपला, आणि मधला नफा मात्र दुसऱ्याचा! असें कां व्हावें? आपल्या मायबहिणींना डाळ करतां येत नाहीं काय? १०० किलो तूर घरीं नीट भरडली तर ६५ ते ७० किलो डाळ पडते, आणि मागें राहिलेली चुणी गोठ्यांतल्या म्हशीला चालते. तेव्हां संधि कोठें आहे असें मला कोणी विचारील तर माझें उत्तर एवढेंच कीं, जो जिन्नस तुम्ही कच्चा विकतां आणि पक्का विकत घेतां, तेथें आधीं पाहा.

कारागीर बांधवांनाहि हेंच लागू आहे. ट्रॅक्टर आला, सुताराकडे नांगर येईनासा झाला. आतां बलुत्याची वाट पाहात बसून काय होणार? नांगर करणारा हात खाट, चौरंग, देव्हारा करूं शकत नाहीं काय? हुन्नर तोच, गिऱ्हाईक मात्र नवें शोधलें पाहिजे.

संधि ओळखली म्हणजे काम झालें असें नव्हे. तिचा उपयोग कसा करावा याचा एक दाखला मुंबईचा सांगतों. १९५९ सालीं मार्चच्या १५ तारखेस गिरगांवांतील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटावयास बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांपैकीं एक. शिक्षण बेताचें, भांडवल उसने आणलेले ८० रुपये. पहिल्या दिवशीं चार पुडे झाले. ते त्यांनीं भुलेश्वरच्या एका ओळखीच्या दुकानदारास दिले. यंत्र नाहीं, दुकान नाहीं, पाटी नाहीं. आधीं माल विकला जातो कीं नाहीं हें पाहिलें, आणि मग हातपाय पसरले.

पुढें पावसाळा आला. पापड वाळेनात. चार महिने काम बंद ठेवावें लागलें. दुसरा कोणी असता तर नशिबाला बोल लावून उठला असता. ह्या बायांनीं पुढच्या पावसाळ्याला एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाटेखालीं स्टोव्ह! बाया वाढल्या, जागा पुरेना. तेव्हां मळलेलें पीठ घरोघर देऊन लाटलेले पापड परत घेण्याची रीत पाडली. हलका माल स्वस्तांत काढावा, असाहि विचार झाला होता. परंतु ८० रुपये देणारे छगनलाल पारेख यांनीं बजावलें कीं, माल एकच ठेवा, तो उत्तम ठेवा, आणि हिशेब चोख ठेवा. तोटा आला तरी देणगी घ्यावयाची नाहीं, असाहि त्यांचा निर्धार होता. पहिल्या वर्षीं विक्री ६,१९६ रुपयांची झाली. तोच आजचा 'लिज्जत' पापड. हजारों स्त्रिया त्यावर आपलें पोट मानानें भरीत आहेत, आणि जसवंतीबेन यांना २०२१ सालीं पद्मश्री जाहीर झाली.

आतां आपल्याकडे काय होतें तें पाहा. शेजाऱ्यानें पिठाची गिरणी घातली कीं, आपणहि समोर गिरणी घालतों. दळण तेवढेंच, गिरण्या दोन, आणि कर्जहि दोघांवर. दुसऱ्याचें पाहून धांवणें याला संधि साधणें म्हणत नाहींत. आधीं दहा घरें विचारा; कोण काय घेतो, कोठून घेतो, काय भावानें घेतो. मग पांच किलोचा माल करून विका. तीच घरें पुन्हां मागावयास आलीं तर दहा किलो करा. मागणी दिसण्यापूर्वीं घरांतील डाग गहाण टाकूं नका. धंद्याचा गल्ला व घरखर्च वेगळा ठेवा, आणि आपल्या घरची मजुरीहि खर्चांत धरा. नाहीं तर तोटा होत असतां नफा झालासा वाटतो.

कागदपत्रांना भिऊं नका. खाण्याचा जिन्नस विकावयाचा तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणें नोंदणी केली पाहिजे. लहान धंद्याची 'उद्यम' नोंदणी २०२० पासून सुरू आहे; तिला सरकारची फी एक पैहि नाहीं. सरकारी फी म्हणून हजार रुपये मागणारा दलाल भेटला तर त्याला दाराबाहेरूनच रामराम करा. घरांत शिकलेली मुलगी असेल, तर अर्ज तिच्याकडून भरवा आणि वहीहि तिलाच लिहूं द्या.

आणि पुरुष मंडळींना एक स्पष्ट सांगतों. बाईनें लाटावें, कांडावें, आणि पैसा मात्र तुम्ही खिशांत घालून बाजाराला जावें, अशानें धंदा टिकणार नाहीं. जिचा हात, तिचा हिशेब.

येत्या बाजारच्या दिवशीं घरीं परतल्यावर दोघांनीं बसून एवढेंच लिहून काढा : आज कच्चें काय विकलें, पक्कें काय आणलें, आणि दोहोंच्या भावांत अंतर किती. त्यांतला एक जिन्नस निवडा, आणि पुढच्या बाजारापर्यंत त्याचे पांच किलो तयार करा.