ळ शिकवायचा कसा?

परदेशातल्या तुमच्या मराठी शाळेतल्या ताई मघाशी सांगत होत्या, इथली मुलं कावळ्याला ‘कावला’ म्हणतात. मी म्हटलं, मी शिकवते त्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामकडे या, तिथे त्याचा ‘कावया’ होतो. आमच्या वऱ्हाडी बोलीत डोळ्याचा डोया, केळीची केयी. ळ जसा तुमच्या पोरांना परका, तसा आमच्याही.

ध्वनींवरून वाचायला शिकवणारी फोनिक्सची पुस्तकं शब्दाच्या पहिल्या ध्वनीपासून सुरू होतात. आपला तक्ताही तसाच, अ अननसाचा. पण मराठीत ण आणि ळ यांनी शब्द सुरूच होत नाही. तिथे तक्ता बाण आणि बाळ पुढे करतो आणि मोकळा होतो. शब्दाच्या पोटातला ध्वनी ऐकायची सवय कानाला लागते ती गोष्टीत.

चिऊ-काऊचीच घ्या. एकीचं घर मेणाचं, दुसऱ्याचं शेणाचं. फरक एका ध्वनीचा, आणि ण दोन्हीकडे. सांगताना मी कावळ्याच्या घराशी थांबते, पोरं ‘शेणाचं!’ ओरडतात. मी मुद्दाम ‘मेणाचं’ म्हणते, की गलका. मग फळ्यावर ‘मेण’, त्याखाली ‘शेण’. कुठं बदललं? बोट बरोबर जागेवर जातं. तिथेच प लिहिला की ‘पेण’. पोरं विचारतात, ‘हे काय असतं, मॅडम?’ गणपती घडवतात ते गाव.

यात माझं नवं काही नाही. १९३७च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखालच्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनं मातृभाषेतून शिक्षणाचा ठराव केला. झाकिर हुसेन समितीनं पुढे अभ्यासक्रम आखला. गांधीजींना स्वतःच्या वाईट अक्षराची खंत होती. मुलांना आधी चित्र काढू द्या, मग अक्षर, असं त्यांनी आत्मकथेत लिहिलंय. टॉलस्टॉय फार्मवर त्यांची भिस्त पुस्तकांपेक्षा तोंडी शिकवण्यावर होती. मात्र तोंडीच्या नावाखाली मूल तिसरीपर्यंत वाचायला लागत नसेल, तर ते मला चालत नाही. कान तयार झाला की अक्षर लगेच हाती पडलं पाहिजे.

भोपळ्यात बसून जाणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगताना मूल ‘भोपया’ म्हणालं तर मी टोकत नाही. घरी आजी तसंच म्हणते, आणि गोष्ट मुळात आजीचीच. मी ‘भोपळा’ म्हणत राहते, फळ्यावर ळ काढते. मूल वाचताना ‘भोपया’ म्हणालं तरी ळ त्यानं ओळखलेला असतो. तुमच्या लेकरानं ‘भोपला’ वाचलं, तरी तेच.

तेव्हा व्हिडिओ कॉलवर आजी ही म्हातारीची गोष्ट सांगत असेल, तर मध्येच उच्चार सुधारायला बसू नका. गोष्ट पुरी होऊ द्या. मग कागद द्या, मुलाला भोपळा काढू द्या, आणि खाली ‘भोपळा’ लिहायला सांगा.