कोणाच्या मानाने?

(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मार्च महिन्याची वीस तारीख जवळ आली की वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांमध्ये एक बातमी ठरलेली असते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१२ साली हा दिवस आंतरराष्ट्रीय आनंद दिन म्हणून घोषित केला आणि त्याच वर्षी जागतिक आनंद अहवालाचा पहिला अंकही निघाला. तेव्हापासून जगातील राष्ट्रांची सुखाच्या बाबतीतील क्रमवारी आपल्यासमोर येत असते. फिनलंड पहिला. २०१८ पासून २०२५ पर्यंत सलग आठ वेळा तोच पहिला. भारत शंभराच्या पुष्कळ खाली. २०२५ च्या अहवालात १४७ देशांमध्ये आपण ११८ वे होतो. नेपाळ ९२ वा, पाकिस्तान १०९ वा. मथळा आपोआप तयार होतो, आणि असे मथळे मी स्वतः दिलेले आहेत, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

हा मथळा वाचून आपल्या मंडळींत काय होते, तेही मी पाहत आलो आहे. "उपासमारीने गांजलेला, बॉम्बस्फोटांनी हादरलेला पाकिस्तान आपल्यापेक्षा सुखी? हे सारे पाश्चात्त्यांचे कारस्थान आहे!" असे म्हणून विषय संपविला जातो. २०२० साली पाकिस्तान ६६ वा आणि भारत १४४ वा आला, तेव्हा तर हा संताप शिगेला पोहोचला होता. तो मला समजू शकतो. परंतु दुसरीही एक आठवण करून देतो. २०१७ साली एक बातमी आपण मोठ्या अभिमानाने एकमेकांना वाटली होती : भारतातील ७३ टक्के नागरिकांचा आपल्या सरकारवर विश्वास आहे आणि या बाबतीत आपण जगातील पहिल्या काही देशांत आहोत. तो आकडा गॅलप या संस्थेच्या जागतिक सर्वेक्षणातला होता, आणि आनंद अहवालाची क्रमवारीही त्याच सर्वेक्षणावरून काढली जाते. माप तेच. मग माल आपल्या बाजूने भरला की तराजू खरा आणि कमी भरला की खोटा, असे म्हणता येणार नाही. त्यापेक्षा तो तराजू कसा आहे, ते पाहू या.

पहिली गोष्ट म्हणजे, या सर्वेक्षणात "तुम्ही सुखी आहात का?" असा प्रश्नच नसतो. प्रश्न असतो शिडीचा. तळाशी शून्य आणि माथ्यावर दहा अशी एक शिडी डोळ्यांसमोर आणा. माथा म्हणजे तुमच्या दृष्टीने शक्य असलेले उत्तमोत्तम जीवन आणि तळ म्हणजे वाईटात वाईट. आज तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात? बहुतेक देशांत वर्षाला सुमारे एक हजार लोकांना हे विचारतात, तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी काढतात आणि त्या सरासरीनुसार देश ओळीने लावतात. दरडोई उत्पन्न, निरोगी आयुर्मान, अडचणीत मिळणारा आधार, निवडीचे स्वातंत्र्य, दानशीलता आणि भ्रष्टाचाराविषयीचे मत अशा सहा गोष्टींना गुण देऊन ही क्रमवारी लावतात, असे आमची वृत्तपत्रे नेहमी छापतात. ते चूक आहे. त्या सहा गोष्टी मागाहून येतात; एखादा देश वर का आणि दुसरा खाली का, याचा उलगडा करण्यासाठी. क्रमांक ठरतो तो केवळ पायरीच्या उत्तरावरून. म्हणजे आपल्याला ११८ वा क्रमांक कोणा परदेशी पंडिताने दिलेला नाही. तुमच्या-माझ्यासारख्या भारतीयांच्या उत्तरांतून तो निघालेला आहे.

ही शिडी अमेरिकेतील प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांची. १९६५ साली त्यांनी आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांनी ज्या देशांत जाऊन विचारपूस केली, त्यांत आपला देशही होता. त्या वेळी भारतीयांची सरासरी पायरी ३.७ आली आणि अमेरिकनांची ६.६. कँट्रिल यांची एक पद्धत मला फार मोलाची वाटते. ते शिडी लगेच पुढे करीत नसत. आधी माणसाला बोलते करीत : तुला आयुष्यात काय हवे आहे, तुझ्या आशा कोणत्या, तुला भीती कशाची वाटते? हे सारे त्याच्या तोंडून निघाल्यावर, त्याच्याच शब्दांतल्या माथ्याच्या आणि तळाच्या मध्ये, तो स्वतःला कोठे ठेवतो ते विचारीत. आज तो संवाद गळून गेला आहे आणि शिडी तेवढी शिल्लक राहिली आहे. त्याचा परिणाम काय होतो? २०२४ साली स्वीडनमधील संशोधकांच्या पुढाकाराने एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधील लोकांना त्यांनी विचारले की, हा प्रश्न ऐकल्यावर तुमच्या मनात काय येते? शिडी म्हटल्यावर लोकांच्या मनात पैसा आणि सत्ता अधिक येतात, असे त्यांना आढळले. शिडीचे चित्र काढून टाकले की तो विचार कमी होतो.

हा प्रश्न मी घरी करून पाहिला. माझ्या आईला विचारले. वय ऐंशीच्या पुढे, शिक्षण जुनी चौथी. तिने सारे नीट ऐकून घेतले आणि म्हणाली, "अरे, पण कोणाच्या मानाने?" मी म्हटले, "म्हणजे?" तर म्हणाली, "माझ्या सासूच्या मानाने म्हणशील तर आठ-नऊ. तिला दोन कोसांवरून पाणी आणावे लागे. आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या त्या बाईंच्या मानाने म्हणशील, तर घाल चार." मग थोडे थांबून, "आणि देवाला विचारशील तर बरे चालले आहे म्हणून सांग."

"बरे चालले आहे" हे उत्तर आपण मराठी माणसे दिवसातून दहा वेळा देतो. ताप असला तरी तेच आणि मुलाला नोकरी लागली तरी तेच. हे कोणत्या पायरीत बसवायचे? अति सुख बोलून दाखवू नये, दृष्ट लागते, असे मानणारा समाज आणि आपण उत्तम आहोत हे मोकळेपणाने सांगणारा समाज यांची तुलना पायऱ्यांच्या दशांशांवरून करताना सावध राहावेच लागते. मधल्या क्रमांकांत तर देशादेशांतील अंतर इतके थोडे असते की क्रमांक बराच वरखाली होऊ शकतो, हे अहवालकर्ते स्वतःच सांगतात. आणि प्रश्न बदलला की ओळही बदलते. "काल तुम्ही पुष्कळ हसलात का? काल तुम्हाला आनंद झाला का?" असे जेव्हा गॅलप विचारते, तेव्हा फिनलंड मागे राहतो आणि पॅराग्वेसारखे दक्षिण अमेरिकेतील देश पुढे येतात. मग अधिक सुखी कोण, दहांपैकी आठवी पायरी सांगणारा की काल पोटभर हसलेला?

माणसाचा आनंद मोजावा काय, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. तैत्तिरीय उपनिषदाच्या ब्रह्मानंदवल्लीत आनंदाची चक्क एक मोजणी आहे. तरुण, सदाचारी, विद्यासंपन्न, दृढ, बलवान आणि जिच्यावर सारी संपत्ती आहे अशा पृथ्वीचा स्वामी असलेल्या माणसाचा आनंद, हे एक माप. त्याच्या शंभरपट मनुष्यगंधर्वाचा, त्याच्या शंभरपट देवगंधर्वाचा, असे करीत ती चढण ब्रह्मानंदापर्यंत जाते. आमच्याकडे सर्व काही आधीच होते, असे सांगण्याच्या हेतूने मी हे सांगत नाही. त्या वाक्याचा आपण पुरेसा वापर केला आहे. माझे लक्ष तेथील एका गोष्टीकडे जाते. दुसऱ्या पायरीपासून प्रत्येक पायरीवर ऋषी सांगतो की, कामनेने ग्रासलेला नसलेल्या वेदवेत्त्यालाही हाच आनंद आहे. म्हणजे पायऱ्या मोजता मोजताच त्या चढण्याची गरज नसलेला एक माणूस तो शेजारी उभा करून ठेवतो. कँट्रिल यांच्या शिडीला असा शेजारी नाही.

आता भूतानविषयी. सुखाच्या मोजमापाचा विषय निघाला की आपली माणसे लगेच भूतानकडे बोट दाखवितात, आणि ते साहजिकही आहे. राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी १९७० च्या दशकात सकल राष्ट्रीय आनंदाची कल्पना मांडली. पुढे तिचा निर्देशांक झाला : नऊ क्षेत्रे, तेहतीस निकष, तासन् तास चालणाऱ्या मुलाखती. २०१० साली तो ०.७४३ होता, २०२२ साली ०.७८१. संयुक्त राष्ट्रसंघात २०११ साली आनंदाविषयीचा जो ठराव झाला, त्यामागेही भूतानचाच पुढाकार होता. प्रयत्न आदरणीय आहे. तथापि याच देशातून १९९० च्या सुमारास नेपाळीभाषक, बहुतांशी हिंदू असलेले सुमारे एक लाख लोक बाहेर घालविले गेले आणि पूर्व नेपाळमधील निर्वासित छावण्यांत त्यांची वर्षानुवर्षे गेली. २००७ नंतर त्यांतील बहुसंख्य अमेरिकेत व इतर देशांत वसविले गेले. निर्देशांक काढणाऱ्यांनी त्यांना विचारले नाही, कारण ते देशात नव्हतेच. कोणत्याही सर्वेक्षणाचे असे असते. दारात जो उभा आहे, त्यालाच प्रश्न विचारला जातो. आकडा वाचताना घराबाहेर कोण राहिले, हेही विचारावे.

येथपर्यंत तुम्हाला बरे वाटले असेल. शिडी सदोष, तुलना अवघड, क्रमांक डळमळीत. म्हणजे आमचे म्हणणे खरेच होते! पण मी आज आलो आहे तो पुढच्या भागासाठी.

क्रमांक सोडून देऊ. इतर देशांशी तुलनाही सोडून देऊ. भारताची भारताशीच तुलना करू. गॅलपने आपल्याकडे २००६ साली हा प्रश्न विचारला, तेव्हा सरासरी पाचाच्या वर होती. २०१९ साली ती सव्वातीनच्या आसपास आली. त्यानंतर ती थोडी सावरली. २०२५ च्या अहवालात ४.३८९ आहे. ज्या वर्षांत ती घसरली, त्याच वर्षांत रस्ते झाले, मोबाईल आले, दरडोई उत्पन्न वाढत गेले, आणि सरकारेही दोन्ही बाजूंची होऊन गेली. तेव्हा एका पक्षाच्या माथी हे मारून सुटका होत नाही. भाषा तीच, दृष्ट लागण्याची भीती तीच, शिडीही तीच. आणि पायरी मात्र खाली आली. आईचा प्रश्न येथे मला पुन्हा आठवतो. सासूच्या मानाने पाहणारी पिढी संपत आली आहे आणि समोरच्या बिल्डिंगच्या, नव्हे, खिशातल्या पडद्यावर दिसणाऱ्या घराच्या मानाने पाहणारी पिढी आली आहे. हे माझे अनुमान आहे. ते चुकीचेही असू शकेल.

परंतु एक आकडा असा आहे की त्याला अनुमानाची गरज नाही. त्याच सर्वेक्षणात एक साधा प्रश्न असतो : तुम्ही अडचणीत सापडलात तर ज्यांच्यावर भरवसा ठेवता येईल असे नातेवाईक किंवा मित्र तुम्हाला आहेत का? उत्तर फक्त होय किंवा नाही. शिडी नाही, दशांश नाही, पैशाचा उल्लेख नाही. २०२१ च्या अहवालात फिनलंडमध्ये शंभरांपैकी पंच्याण्णव जणांचे उत्तर 'होय' होते. भारतात साठ जणांचे.

बंधू-भगिनींनो, आपण ज्याचा सर्वांत अधिक अभिमान बाळगतो, ती ही गोष्ट आहे. पाश्चात्त्य देशांत व्यक्ती एकटी, आपल्याकडे कुटुंब. तेथे वृद्धाश्रम, आपल्याकडे आजी-आजोबा. या विषयावर मी स्वतः किती भाषणे दिली असतील! आणि दहा भारतीयांतील चार जण सांगतात की अडल्या वेळी आम्हाला कोणी नाही. थंडी, काळोख आणि मितभाषी माणसे यांचा तो फिनलंड. १९९० च्या सुमारास तेथील आत्महत्यांचे प्रमाण लाखात तीसच्या घरात होते. त्यांनी ते लपविले नाही. देशभर मोहीम काढून ते निम्म्याहून खाली आणले. आपल्या त्या चार जणांत कोण असतील? उसाच्या फडावर आलेले जोडपे असेल, शहरात भाड्याच्या खोलीत राहणारा मुलगा असेल, आणि ज्यांच्या घरी आपण संपर्कासाठी कधी गेलोच नाही, ते असतील.

माझ्याच इमारतीतली गोष्ट सांगतो आणि थांबतो. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात. मुले परदेशी. मागच्या पावसाळ्यात ते रात्री न्हाणीघरात पडले आणि पहाटे दूधवाला येईपर्यंत तसेच पडून राहिले. मोबाईल हाताच्या अंतरावर होता. माझा क्रमांक त्यात होता. नंतर मी म्हटले, "सर, एक फोन करायचा होतात." ते म्हणाले, "रात्री अडीचला तुम्हाला कुठे उठवायचे?" काही दिवसांनी, सर्वेक्षणाचे नाव न काढता, मी त्यांना तोच प्रश्न विचारला. सर म्हणाले, "आहेत ना. पुष्कळ आहेत. तुम्हीच आहात." मग चष्मा पुसत म्हणाले, "दिवसा."

आता त्यांच्या घराची एक किल्ली आमच्याकडे असते. अजून तरी रात्री त्यांचा फोन आलेला नाही.