फक्कीचे घर



मी सातवी शिकलेली. नव्या घराचा नकाशा यजमानांनी दाखवला, पण कागदावरून काही उमजेना. मग मोकळ्या प्लॉटवर आम्ही तो फक्कीने खऱ्या मापाने आखला आणि सासूबाईंना म्हटले, "चला, घरात या."

त्या वॉकर घेऊन निघाल्या. न्हाणीचे दार अडीच फुटांचे; वॉकर रेघेला लागला. शिवाय त्यांच्या खोलीतून तिथे जायला दिवाणखाना ओलांडायचा. "रात्री पाहुण्यांच्या अंगावरून कशी जाऊ गं?" त्या हळूच म्हणाल्या. इतके दिवस बोलल्या नव्हत्या. न्हाणी त्यांच्या खोलीला लागून घेतली, दार ३ फूट केले.

जोते मात्र त्यांना उंचच हवे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, तेव्हा नारायण पेठेतल्या त्यांच्या माहेरी पाणी शिरले होते. जोते २ फूट ठरले. पण पायऱ्या कशा चढणार? फुटाला १२ फूट उतार लागतो, म्हणजे २४ फूट. तो भिंतीलगत वळवून बसवला.

भगिनींनो, रेघ पुसायला केरसुणी पुरते, भिंत पाडायला गवंडी लागतो. म्हणून आधी फक्की आणा, आणि घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला पहिल्यांदा चालवा.